परत येणारा बाण

दिवाळीतला बाण आकाशात गेला की पुढे त्याचे काय झाले, याची चौकशी आपल्याकडे कोणी करीत नाही. बाटलीत उभा केला, वात पेटवली, सूं करून वर गेला, चार रंगीत ठिणग्या पडल्या की मंडळी पुढच्या बाणाकडे वळतात. त्याची जळकी काडी कोणाच्या गच्चीवर पडली की कोणाच्या वाळवणावर, हे दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू हातात घेणाऱ्यालाच कळते. अमेरिकेत मात्र असे एक लहानसे गाव आहे की तेथल्या बाणांचे सारे कौतुक ते परत येण्यात आहे. गावाचे नाव पेनरोज. कोलोरॅडो राज्यातल्या या गावी तयार झालेली अग्निबाणांची इंजिने गेली साठ वर्षे तिकडच्या शाळांच्या मैदानांवर उडत आली आहेत.

आम्हां उभयतांचे तिकडे जाणे झाले ते मुलीकडे. कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहरातल्या एका शाळेत ती सहावीच्या वर्गाला विज्ञान शिकवते. मीही दादरला तेहतीस वर्षे तोच विषय शिकवला. त्यामुळे आम्हां मायलेकींचे बोलणे थालीपिठापासून सुरू झाले तरी शेवटी वर्गावर येऊन ठेपते. एप्रिलच्या मध्याला आम्ही तेथे पोचलो, तेव्हा तिच्यापुढे एक पेच होता. वर्गातल्या चोवीस मुलांकडून एकेक लहानसा अग्निबाण करवून घ्यायचा आणि वर्ष संपण्यापूर्वी ते सारे उडवायचे, असे तिने ठरवले होते. पालकांच्या मंडळाने त्यासाठी थोडे पैसे मंजूर केले होते. मुख्याध्यापिकाबाईंनी मे महिन्यातली एक सकाळ दिली होती. एकच. “नीट पार पडले तर पुढच्या वर्षी पुन्हा बघू,” असे त्या म्हणाल्या होत्या. या वाक्याचा अर्थ कोणत्याही देशातल्या शिक्षकाला समजावून सांगावा लागत नाही.

बाईंची धास्ती अकारण नव्हती. तो प्रदेश कोरडा, वाऱ्याचा आणि वाळक्या गवताचा. २०१२ च्या जूनमध्ये वॉल्डो कॅन्यनचा वणवा डोंगर उतरून शहरात शिरला आणि ३४६ घरे खाऊन गेला. पुढच्याच वर्षी जवळच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये त्याहूनही अधिक घरे गेली. आज सहावीत बसणाऱ्या मुलांच्या आईबापांपैकी कित्येकांनी त्या रात्री अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडले होते. अशा गावात चोवीस मुलांच्या हाती जळती वस्तू द्यायची म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे.

पेच असा होता की घ्यायचे कोणते किट? दुकानात गेले तर भिंतभर खोकी टांगलेली. एक हातभर लांब, एक वीतभर, एक खऱ्या क्षेपणास्त्रासारखे, एक उडत्या तबकडीसारखे. प्रत्येकावर तो किती फूट उंच जातो ते ठळक छापलेले. वर्गाला कोणते चालेल, हे कोठेही छापलेले नव्हते. तेव्हा जावई म्हणाले, “आई, ज्या गावात ही इंजिने होतात ते येथून तासाच्या आत आहे. रविवारी चक्कर टाकू. किट कोणते घ्यायचे हे तेथे कळेल असे नाही, पण रस्ता सुंदर आहे.”

जावयांचे दोन्ही बोल खरे ठरले. शहराच्या दक्षिणेकडून निघणारा ११५ नंबरचा रस्ता डोंगराच्या कडेकडेने पेनरोजला जातो. डाव्या हाताला लष्कराची विस्तीर्ण छावणी, उजव्या हाताला शायेन पर्वत. दिसायला हा पर्वत आपल्या सह्याद्रीच्या एखाद्या थोराड कड्यासारखा, गप्प बसलेला. पण त्याचे पोट पोकळ आहे. शत्रूचे अग्निबाण येताहेत काय, यावर डोळा ठेवण्यासाठी १९६० नंतरच्या वर्षांत या पर्वताच्या कातळात सबंध ठाणेच कोरून काढले आणि १९६६ मध्ये ते सुरू झाले. त्याची दारे प्रत्येकी २५ टन वजनाची आहेत. अग्निबाणाच्या भीतीने माणसाने पर्वताच्या पोटात घर केले ते या रस्त्याच्या एका टोकाला, आणि पोरांनी उडवायच्या बाणांचे गाव दुसऱ्या टोकाला!

पुढे थोड्याच अंतरावर रस्त्याच्या कडेला एक भलामोठा भुंगा उभा आहे. गाडीएवढा, शिंगे उगारलेला. आत डोंगराच्या कुशीत कीटकांचे एक जुने संग्रहालय आहे, त्याची ही पाटी. ह्यांनी गाडी थांबवायला लावून भुंग्यापुढे उभे राहून फोटो काढून घेतला. सत्तरी उलटलेली माणसे परदेशात गेली की सहावीत जातात, हे मी आजवर अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

डोंगर मागे पडले आणि मैदान उघडले. पेनरोज म्हणजे तीनसाडेतीन हजार वस्तीचे, समुद्रसपाटीपासून सुमारे ५,३०० फूट उंचीवरचे शांत गाव आहे. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या स्पेन्सर पेनरोज या धनिकाचे नाव त्याला मिळाले आहे. गावाची जुनी ओळख सफरचंदांची. अजूनही दर ऑक्टोबरात येथे सफरचंदांची जत्रा भरते. आम्ही गेलो तेव्हा बागांतून पांढरा गुलाबी मोहर होता, वारा भरभर वाहत होता आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. गावाबाहेर मोकळ्या माळावर एस्टेस कंपनीच्या बैठ्या इमारती दिसल्या. रविवार असल्याने सारे बंद. बाहेरून पाहिले तर एखाद्या गिरणीची गोदामे वाटावीत. भपका नाही, झेंडे नाहीत. जागा मात्र ऐसपैस. दारूचे काम करणाऱ्याला शेजार दूरचाच बरा.

एका झाडाखाली बसून आम्ही दशम्या आणि लसणीची चटणी खाल्ली, आणि मी आदल्या रात्री वाचून ठेवलेली या धंद्याची गोष्ट सर्वांना सांगितली. वाचकांनाही ती सांगते, कारण किट निवडण्याची किल्ली मला त्या गोष्टीतच सापडली.

या बाणाचा जन्म पेनरोजला झालेला नाही. नेब्रास्का राज्यात नॉरफोक नावाच्या गावी ऑरव्हिल कार्लाइल नावाचे गृहस्थ जोड्यांचे दुकान चालवीत. शोभेच्या दारूचा त्यांना नाद होता आणि त्या कामात ते वाकबगार होते. त्यांचे बंधू रॉबर्ट यांना विमानांच्या प्रतिकृतींचा छंद. रॉबर्ट ठिकठिकाणी उड्डाणाच्या तत्त्वांवर व्याख्याने देत आणि श्रोत्यांना दाखवण्यासाठी खरोखर उडणारा एखादा लहान अग्निबाण असावा असे त्यांना वाटे. दोघा भावांनी मिळून १९५४ मध्ये तो केला. धड कागदाच्या नळीचे, पंख हलक्या लाकडाचे, धातूचा पत्रा कोठेच नाही. दारू भरलेली कागदी नळी म्हणजे इंजिन. एकदा जळले की काढून टाकायचे आणि नवे बसवायचे. वर पोचल्यावर टोक उघडून आतून छत्री बाहेर पडे आणि बाण अलगद खाली येई. म्हणजे ही वस्तू जन्मली तीच मुळी शिकवण्याच्या गरजेतून. खेळ ती नंतर झाली.

पुढची गोष्ट १९५७ सालची. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स येथे सरकारी अग्निबाणांच्या केंद्रावर हॅरी स्टाइन नावाचे गृहस्थ काम करीत आणि मासिकांतून लेखही लिहीत. त्या काळी तिकडच्या पोरांना अग्निबाणांचे वेड लागले होते. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक सोडला आणि त्या वेडाला ऊत आला. पोरे लोखंडी नळ्यांत मिळेल ती रसायने ठासून भरीत आणि काडी लावीत. अशी नळी उडाली तर अग्निबाण, नाही तर बाँब. कित्येकांची बोटे गेली, डोळे गेले, काहींचे प्राणही गेले. अशा वेळी वडीलधाऱ्यांपुढे दोन सोपे मार्ग असतात. एक म्हणजे सरसकट बंदी घालणे, आणि दुसरा म्हणजे तिकडे काणाडोळा करणे. स्टाइन यांचा लेख वाचून कार्लाइल यांनी आपले बाण त्यांच्याकडे पाठवले, आणि तिसरा मार्ग सापडला. दारू मुलांनी कालवायची नाही, ठासायची नाही. ती कारखान्यात मोजून मापून भरलेली मिळेल. बाकी सारे मुलांनी करायचे. बांधणी त्यांची, हिशेब त्यांचा, उड्डाणही त्यांचेच. त्याच वर्षी हा छंद करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना निघाली आणि उडवण्याचे नियम लिहिले गेले.

स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्व्हर शहरात या बाणांचा धंदा काढला. पण एकसारखी इंजिने हजारांनी हवीत, ती करणार कोण? डेन्व्हरमध्येच व्हर्न एस्टेस नावाचा तरुण होता, त्याच्या घरात शोभेच्या दारूचा धंदा. त्याने १९५९ च्या सुरुवातीला एक यंत्र उभे केले. दर साडेपाच सेकंदांना ते एक इंजिन ठासून बाहेर टाकी. त्याचे नाव त्याने ठेवले मेबल. पुढे १९६१ मध्ये एस्टेस पतिपत्नींनी मोकळी जागा पाहून पेनरोजच्या माळावर बिऱ्हाड आणि कारखाना हलवला, आणि सफरचंदांच्या गावाला दुसरे पीक लागले.

“म्हणजे अस्सल वस्तू ते इंजिन,” हे म्हणाले, “बाकी पुठ्ठाच.”

खरे आहे. आणि ते इंजिन आहेच मोठे समजूतदार. अंगठ्याहून थोडी जाड, पावणेतीन इंच लांब अशी कागदाची भक्कम नळी. खाली मातीचे तोंड, त्यावर दाबून बसवलेली काळी दारू. ती अर्धापाऊण सेकंद जळते आणि बाण वर झेपावतो. त्यावर एक संथ जळणारा थर. तो नुसता धूर सोडीत काही सेकंद काढतो, तेवढ्यात बाण आपल्या वेगाच्या जोरावर शिखर गाठतो. सगळ्यात वर चिमूटभर दारू. ती पुढच्या बाजूला भडकते, टोक ढकलून देते आणि छत्री बाहेर पडते. नळीवर नुसते ‘ए ८-३’ असे छापलेले असते. अक्षर सांगते की एकूण जोर किती. ‘ए’च्या दुप्पट ‘बी’, ‘बी’च्या दुप्पट ‘सी’. पहिला आकडा सरासरी रेटा न्यूटनमध्ये सांगतो आणि शेवटचा आकडा छत्री किती सेकंदांनी उघडेल ते. आपल्या दिवाळीच्या बाणावर एवढी माहिती छापायची म्हटली तर कागद पुरायचा नाही, आणि माहितीही मिळायची नाही!

परतताना गाडीत किटाचा वाद रंगला. ह्यांचे मत पडले बिग बर्था या बाणाला. दोन फूट उंच, चांगला मनगटाएवढा जाड. जाताना सावकाश, हत्तीच्या डौलाने जातो. “मुलांना दिसला पाहिजे ना!” असे ह्यांचे म्हणणे. जावई पडले इंजिनियर. त्यांचे म्हणणे, बाल्सा लाकडाचे पंख स्वतः घासून, गोंदाने चिकटवून करायचे, तेच किट घ्यावे. हाताने केल्याशिवाय पंख सरळ असण्याचे महत्त्व कळत नाही. नातीने सुचवले की आयते उडणारे घ्यावेत, म्हणजे लगेच उडवता येतील.

आमची मुलगी गाडी चालवीत होती. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही सगळे बाणापासून सुरुवात करता आहात. मी मैदानापासून करते.”

मला मनातून फार बरे वाटले. कारण तिचे गणित चोख होते. शाळेचे फुटबॉलचे मैदान ३६० फूट लांब आणि १६० फूट रुंद. संघटनेच्या नियमांप्रमाणे ‘ए’ इंजिनाला मैदानाची लहान बाजू निदान १०० फूट हवी, ‘बी’ला २०० आणि ‘सी’ला ४००. म्हणजे खोक्यावर हजार फूट उंची छापलेली असली तरी ती ‘सी’ इंजिनाची, आणि ते या मैदानावर चालायचेच नाही. उरले ‘ए’. जड बर्था ‘ए’वर फारशी वर चढत नाही. ह्यांचा हत्ती असा मैदानाच्या मापानेच बाद झाला.

मग वेळ. तिला मिळणार होत्या पंचेचाळीस मिनिटांच्या सहा तासिका. आयता बाण घेतला तर पहिल्याच तासाला काम संपते आणि मुले काहीच शिकत नाहीत. बाल्साचे पंख घेतले तर ते घासणे, आखणे, चिकटवणे, गोंद वाळेपर्यंत थांबणे, यात चार तास जातात. ज्यांचे पंख वाकडे लागले त्यांचे बाण वाटेतच वळतात, आणि चोवीस मुले भोवती उभी असताना वळलेला बाण म्हणजे कोणावर जाईल याचा नेम नाही.

तिसरी गोष्ट तिने सर्वांत शेवटी सांगितली. वर्गातल्या एका मुलाचा उजवा हात जन्मापासून अधू आहे. तो हुशार आहे, अबोल आहे आणि कोणी मदतीला आले की काम टाकून देतो. “त्याला स्वतःला, कोणाचा हात न लागता करता येईल असे किट मला हवे आहे,” ती म्हणाली. “आणि इतरांपेक्षा निराळे नको. निराळे दिले की त्याला कळेल.”

गाडीत थोडा वेळ कोणी बोलले नाही.

असे करता करता निवड उरली ती अल्फा थ्री नावाच्या किटाची. बाण जेमतेम फूटभर लांब, वजन साडेतीन तोळ्यांहून कमी. शेपटीचे तिन्ही पंख एकाच तुकड्यात ओतलेले, प्लॅस्टिकचे. नळीत बसवले की सरळच बसतात. पण इंजिनाची बैठक गोंद लावून बसवावी लागते, रबराची दोरी कागदाच्या घडीत अडकवून आत चिकटवावी लागते, छत्रीला दोऱ्या बांधाव्या लागतात. म्हणजे चुकले तर धोका होईल ते काम कारखान्याने केलेले, आणि करता करता समजेल ते काम मुलांसाठी ठेवलेले. बारा बाणांची पेटी वर्गांसाठी एकत्र मिळते. दोघांत एक बाण दिला असता तर एका पेटीत भागले असते, पण मग तो घरी कोणी न्यायचा? दोन पेट्या घेतल्या. इंजिने प्रत्येकाला दोन.

जावयांचा मुद्दा अगदीच वाया गेला असे नाही. पंख कशासाठी असतात हे शिकवायला मुलीने निराळी युक्ती काढली. तयार बाण इंजिनासकट दोरीने बांधून टांगायचा, समतोल राहील तेथे गाठ पक्की करायची आणि तो डोक्याभोवती गरगर फिरवायचा. टोक पुढे करून फिरला तर उडायला योग्य. वजनाचा मध्य पुढे आणि वाऱ्याच्या रेट्याचा मध्य मागे, हा धडा पोरांना दोरीने शिकवला. उंची मोजण्यासाठी कोनमापक, दोरा आणि एक नट एवढ्या सामानात मुलांनी कोन पाहायचे साधन केले. भूमिती असली की वर्ग जांभया देतो, हा जगभरचा अनुभव आहे. आपला बाण किती उंच गेला हे ठरवायचे असले म्हणजे मात्र जांभई कोणाला येत नाही.

त्या तासिकांपैकी दोन मी मागच्या बाकावर बसून पाहिल्या. माझ्याकडूनही वर्गाला एक वस्तू गेली. छत्री पातळ प्लॅस्टिकची असते. थंडीत ती घडीला घडी चिकटून बसते आणि उघडत नाही. म्हणून घडी घालण्यापूर्वी तिला अंगाची पावडर चोळतात. मुंबईहून नेलेला माझा पावडरचा डबा वर्गात फिरला आणि चोवीस अमेरिकन अग्निबाणांना चंदनाचा वास लागला. छत्रीखाली न जळणाऱ्या खास कागदाचे बोळे भरायचे असतात. साधा कागद चालत नाही, कारण तो पेटता खाली पडतो. हा नियम मुलीने फळ्यावर लिहिला आणि शेवटपर्यंत पुसू दिला नाही.

उड्डाणाचा दिवस उजाडला. तिकडे वारा दुपारकडे वाढतो, म्हणून सकाळी साडेआठलाच सारे मैदानावर. आगीच्या बंबाच्या कचेरीत विचारून त्या दिवशी बंदी नसल्याची खात्री केली होती. हिरवळीला आदल्या संध्याकाळी पाणी दिले होते, पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या होत्या. मधोमध पातळ लोखंडी सळई उभी, तिच्या आधाराने बाण सुटतो. पेटवायचा तो लांबून, विजेच्या तारेने. बाणापासून पंधरा फुटांवर दोरी आखलेली. पेटवण्याच्या डबीची किल्ली मुलीच्या गळ्यात. मुख्याध्यापिकाबाई हाताची घडी घालून कडेला उभ्या.

पाच, चार, तीन, दोन, एक! पहिला बाण इतक्या चटकन गेला की ह्यांना तो दिसलाच नाही. मग वर निळ्या आभाळात एक ठिपका, धुराची बारीक रेघ, एक हलकासा फट् आवाज, आणि छत्री उघडली. पोरांनी जो ओरडा केला त्याला भाषांतराची गरज नव्हती. दोनशे फुटांवर उभ्या असलेल्या तुकडीने कोन वाचला, ५५ अंश. दोनशेला १.४३ ने गुणून २८६ फूट, वर डोळ्याच्या उंचीचे चार फूट. एका मुलीने आकडा पाटीवर लिहिला आणि पाटी आमच्याकडे फिरवली.

सगळे सुरळीत झाले असे नाही. एक बाण पेटलाच नाही. किल्ली काढून घेऊन पूर्ण एक मिनिट कोणी दोरीच्या आत गेले नाही, मग तार बदलली. दोघांच्या छत्र्या उघडल्या नाहीत. त्यांतल्या एकाने आदल्या रात्रीच घडी घालून ठेवली होती, तीही पावडरीवाचून. बाण टोकावर आपटून नळी दुमडली. एक शाळेच्या छपरावर जाऊन बसला. मुलगी प्रत्येक वेळी विचारी, “का झाले?” आणि उत्तर मिळाल्यावरच पुढचा नंबर पुकारी.

हजेरीपटात त्या अबोल मुलाचे नाव अगदी शेवटी होते. त्याची पाळी आली तेव्हा दहा वाजून गेले होते आणि कुंपणावरच्या फिती ताठ उडू लागल्या होत्या. ताशी वीस मैलांहून अधिक वारा असेल तर उडवायचे नाही, असा नियम आहे. मुलीने हातातल्या वारा मोजण्याच्या यंत्राकडे पाहिले आणि त्याला सांगितले, “थांबायचे.” तो थांबला. मुख्याध्यापिकाबाईंनी घड्याळ पाहिले. पाच मिनिटे गेली, दहा गेली. मला वाटले, आता मुलगी त्याला ‘उद्या’ म्हणणार, आणि तिला उद्या नव्हता. तेवढ्यात फिती खाली आल्या. तिने यंत्र पाहिले, पुन्हा एकदा पाहिले, आणि गळ्यातली किल्ली काढून त्याच्या डाव्या हातात दिली.

त्याने स्वतः किल्ली बसवली, आकडे मोजले आणि बटण दाबले. बाण सरळ गेला. छत्रीला मधोमध भोक पाडलेले होते, वाऱ्याने फार लांब वाहून जाऊ नये म्हणून. तरी तो हेलकावत मैदानाच्या पार टोकाला गोलाच्या खांबाशी उतरला. बाकीची मुले पळत आणायला जात. हा चालत गेला, चालत आला. बाण फिरवून पंख पाहिले, नळीत डोकावला आणि एवढेच विचारले, “हा परत उडेल?”

“उडेल,” मुलगी म्हणाली.

पण त्या दिवशी नाही. दुसऱ्या फेरीची इंजिने तिने पेटीत बंद केली, कारण वारा पुन्हा चढला होता. पोरांनी कुरकुर केली, विनवण्या केल्या, एका पालकानेही रदबदली करून पाहिली. ती बधली नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी हाताची घडी सोडली ती तेव्हा.

परतीच्या सामानात चारदोन इंजिने घालून न्यावीत, असे ह्यांच्या मनात होते. ते जमण्यासारखे नव्हते. विमानाच्या सामानात ही इंजिने न्यायला मनाई आहे, आणि आपल्याकडे दारूच्या वस्तूंचा कायदा कडक आहे. पण म्हणून आपल्या शाळांनी हात बांधून बसायला नको. फसफसणाऱ्या पेयाची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली दाब सोसण्यासाठीच केलेली असते. तिच्यात एक तृतीयांश पाणी, तोंडाला झडप बसवलेले घट्ट बूच, आणि सायकलचा पंप. पाणी मागे फेकले जाते, बाटली पुढे झेपावते. न्यूटनसाहेबांना दारूच हवी असा काही आग्रह नाही. पंख, समतोल, कोनमापक, लांबून दोरी ओढून सोडणे, भोवतीची दोरी, सारे तेच. तेथेही मैदान किती, वेळ किती आणि वर्गातला सर्वांत अवघडलेला हात कोणाचा, एवढे आधी पाहावे. बाटली मग निवडावी. एक गोष्ट मात्र वडीलधाऱ्यांनी या दिवसांत अवश्य पाहावी. दिवाळीचे बाण फोडून त्यांतली दारू नळीत भरण्याची कल्पना घरोघरच्या हुशार पोरांना सुचते. १९५७ मध्ये बोटे गेली ती अशाच हुशार पोरांची.

ऑगस्टात शाळा सुरू झाल्यावर मुलीचा फोन आला. पुढच्या मे महिन्यात दोन सकाळी मिळाल्या आहेत. तो मुलगा आता सातवीत आहे, पण दोरी धरायला यायचे त्याने आताच कबूल करून ठेवले आहे. यादी तीच, दोन पेट्या अल्फा, ‘ए’ची इंजिने, न जळणारा कागद. आणि शेवटी म्हणाली, “आई, पावडरचा डबा मात्र तिकडूनच पाठव. येथल्या पावडरीला तो वास नाही, पोरे विचारतात.”